अंगठ्याची जागा

आमचे बाबा उभ्या आयुष्यात कुणाच्या कामाला 'छान' म्हणाले नाहीत. त्यांचा सगळ्यात मोठा शब्द म्हणजे 'चालेल'. तोही गुण्या लावून झाल्यावर. गुण्या हे आम्हा सुतारांचं काटकोन तपासायचं हत्यार, एक लाकडी दांडा आणि त्यात आडवी बसवलेली पोलादी पट्टी. बाबा तो कोपऱ्याला लावायचे, एक डोळा मिटून फटीतून उजेड येतो का ते बघायचे, आणि नाहीच आला तर नाइलाज झाल्यासारखे म्हणायचे, "चालेल." उजेड आला तर काही बोलायचे नाहीत, नुसतं ते लाकूड आपल्या पुढ्यात सरकवायचे. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. अख्खी गल्ली त्यांना पाठीमागे गुण्या मिस्त्री म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि राग येण्याऐवजी त्यांना त्याचा अभिमान वाटायचा.

घरातही तोच प्रकार. ताट टेबलाच्या कडेला जरा तिरकं पडलं की बोटाने सरळ करायचे, मग पहिला घास. एकदा डॉक्टरकडे ताप घेऊन गेलो होतो, तर या माणसाने फणफणत्या अंगाने खुर्चीवर चढून भिंतीवरची तसबीर सरळ केली. डॉक्टर बघतच राहिले. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही इथे पेशंट आहात." तर म्हणाले, "म्हणून काय वाकडं बघत बसू?"

मला ते ढलपी म्हणायचे. लाकूड तासताना जो तुकडा उडतो ती ढलपी. लहानपणी मी सतत त्यांच्या पायात असायचे, झाडून काढलं तरी कुठून तरी परत यायचे, म्हणून ते नाव पडलं आणि पन्नाशी आली तरी सुटलं नाही. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, शिकला आणि दुसऱ्या शहरात जाऊन ऑफिसात बसला. मी कारखान्यातच राहिले. कारखाना म्हणजे काय, घराची पुढची खोली. एक लांब बाक, रस्त्याकडे उघडणारी खिडकी, भिंतीवर ओळीने हत्यारं, आणि कोपऱ्यात लाकूड चिकटवायचा सरस शिजवायची शेगडी. मधे माझं लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं, आणि मी ट्रंक घेऊन परत आले. त्यावर बाबा एवढंच म्हणाले, "सांधा कच्चा होता. जा, ती पटाशी आण." मी पटाशी आणली. विषय संपला. पुढे कुणी नातेवाईक तो विषय काढायला लागलं की बाबा मुद्दाम ठोकाठोकी सुरू करायचे, म्हणजे त्या माणसाला स्वतःचंच बोलणं ऐकू येऊ नये.

आणि रंधा. बाबांबद्दल सांगायचं आणि रंध्याबद्दल नाही, असं होऊच शकत नाही.

तो रंधा आजोबांनी बनवलेला. जुना पूल पाडला तेव्हा त्याची एक तुळई त्यांनी उचलून आणली होती, तिच्यातून काढलेला हातभर लांब ठोकळा. त्यातलं पातं तर आजोबांच्याही वडलांचं. धार लावून लावून झिजलेलं, मूळ पात्याच्या निम्मंच राहिलेलं. बाबांना गिऱ्हाईक सापडलं की ते रंध्याचा इतिहास सुरू करायचे. पूर्वी म्हणे रंधा नव्हता. लोक वाकसाने लाकूड तासायचे आणि मग दगडाने, वाळूने घासत बसायचे. हाताला लागणार नाही इतकं झालं की पुरे. "टेबल सपाट असतं हे तुम्हाला कुणी शिकवलं?" बाबा विचारायचे. गिऱ्हाईक बिचारं खुर्चीचा पाय दुरुस्त करायला आलेलं. "रंध्याने शिकवलं! त्याआधी माणसाला सपाट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं." मग रंधा उलटा करून दाखवायचे. बघा, पातं तळातून केसभरच बाहेर असतं. करवत, वाकस, पटाशी, सगळी हत्यारं तुमच्या रागाप्रमाणे चालतात. रंधा तुमचा राग चालू देत नाही. कितीही जोर लावा, तो केसभरच घेणार. आमच्या पाटीवरही त्यांनी नाव न घालता नुसता रंधाच रंगवला होता. लोक विचारायचे, हे काय, साबणाचं दुकान आहे का?

त्या रंध्यावर दोन खुणा होत्या. पात्याच्या मागे, जिथे उजव्या हाताचा अंगठा दाबून धरतात, तिथे एक खळगा पडला होता. आजोबांनी त्याला सुरुवात केली आणि बाबांनी पन्नास वर्षांत तो खोल केला. कुणी कोरलेला नाही, नुसत्या अंगठ्याने, घामाने आणि जोराने झालेला. त्यात वाटाणा ठेवला असता तर घरंगळला नसता. दुसरी खूण पुढच्या खुंटीवर होती. लांब फळी असली की एका माणसाचा जोर पुरत नाही, म्हणून खुंटीला दोरी बांधतात. मागचा ढकलतो, पुढचा ओढतो. आमच्याकडे ती दोरी ओढायची आई.

नवीन लग्न झालेलं, कारखाना नवीन, दुसरा माणूस ठेवायची ऐपत नाही. मग आई पदर खोचून दोरी ओढायची, बाबा ढकलायचे. ती नंतर सांगायची, "अख्खा संसार मी या माणसाचं तोंड बघत उलटी चालले. मागे काय आहे ते कधी दिसलं नाही. कुठे धडपडले नाही हेच नशीब." बाबा त्यावर म्हणायचे, "धडपडू दिलं नाही कुणी?" त्या दोरीने खुंटीवर खाच पडली होती, करंगळी बसेल एवढी. आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. करवत मागा, पटाशी मागा, मिळेल. दुसऱ्याचा रंधा मागायचा नाही. तो त्या माणसाच्या हाताला लागलेला असतो, दुसऱ्याने चार दिवस वापरला तर बिघडतो. म्हणून बापाचा वारशाने आला तरी जो तो आधी आपला रंधा आपण बनवतो, आणि तो बनवल्याशिवाय कुणाला मिस्त्री म्हणत नाहीत. मी माझा एकोणिसाव्या वर्षी बनवला. तीन ठोकळे फुकट घालवले, चौथा जमला. बाबांनी सगळ्या बाजूंनी गुण्या लावला. उजेड कुठेच आला नाही. मी श्वास रोखून उभी. त्यांनी तो बाकावर ठेवला आणि म्हणाले, "चालेल." मी स्वयंपाकघरात जाऊन आईच्या गळ्यात पडून रडले. आई म्हणाली, "अगं, मला तर लग्नानंतर सहा वर्षांनी म्हणाले होते."

आणखी एक नियम. रंधा कधी पात्यावर उभा ठेवायचा नाही, कुशीवर आडवा ठेवायचा, नाहीतर धार जाते. लहानपणी मी एकदा उभा ठेवला तर बाबांनी माझ्या हातावर फटका मारला होता. तेवढा एकच. तर तीन वर्षांपूर्वी एका दुपारी मी आत आले आणि बघते तर बाबांचा रंधा बाकावर पात्यावर उभा. बाबा शेजारी बसलेले, रस्त्याकडे बघत. मी रंधा आडवा केला. चष्मा विसरणं, गिऱ्हाइकाचं नाव विसरणं, हे सगळं मी वयावर घातलं होतं. हे वयावर घालता येईना.

पुढचं फार भराभर झालं. आधी मापं गेली. मग घरातल्या खोल्या गेल्या. मोरीत जायचं तर खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. मग त्यांच्या आठवणीतून मीही गेले. सकाळी उठायचे ते घाबरलेलेच. चादर मुठीत धरून विचारायचे, "हे कुणाचं घर? मला कुणी आणलं?" मी म्हणायचे, "बाबा, मी ढलपी." ते माझ्याकडे बघायचे, नम्रपणे, परक्या ठिकाणी माणूस बघतो तसे. डॉक्टर म्हणाले, आता उतरणच आहे. मी घरी येऊन भांडी आपटली. ज्या माणसाने जगातला प्रत्येक कोपरा काटकोनात आणला त्याला स्वतःचीच खोली सापडू नये, म्हणजे काय थट्टा आहे का?

एका सकाळी ते फारच अस्वस्थ झाले म्हणून मी त्यांना हाताला धरून कारखान्यात आणलं. दुसरीकडे न्यायचं तरी कुठे? चालता चालता त्यांचा हात बाकावरच्या रंध्याला लागला. बोटं आपोआप वळली. अंगठा सरकत सरकत खळग्यापाशी आला आणि आत बसला. बाबा थांबले. खांदे खाली आले. त्यांनी रंधा उचलला, डोळ्याजवळ नेला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ढलपे, पातं बोथट झालंय. लक्ष कुठे असतं तुझं?"

एवढा आनंद मला आयुष्यात शिवी खाऊन कधी झाला नव्हता.

मग तेच सुरू झालं. रोज सकाळी चहाच्या आधी मी त्यांना कारखान्यात आणायचे, रंधा हातात द्यायचे, अंगठा खळग्यात गेला की बाबा परत यायचे. कधी तासभर, कधी अर्धा तास. मी एखादी फळी लावून द्यायचे, ते त्यावर रंधा मारायचे, मला बोलायचे, माझ्या कामातल्या चुका काढायचे. मधेच त्यांचं बोट पुढच्या खुंटीवर जायचं, खाचेत फिरायचं, आणि ते विचारायचे, "ही कुठे राहिली? लांब फळी आहे, दोरी कोण ओढणार?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला की मी पुन्हा ती चूक केली नाही. त्यानंतर मी म्हणायचे, "येतेय. वाटेत असेल." ते मान हलवायचे. "येऊ दे सावकाश," म्हणायचे. थोड्या वेळाने रंधा खाली ठेवला की पुन्हा सगळं पुसलं जायचं. पण तो तासभर मला पुरायचा. त्या तासावर मी उरलेले तेवीस तास काढायचे.

दादाचं म्हणणं वेगळं होतं. "त्यांना आता काही कळत नाही. तू एकटी किती करशील? इकडे एक चांगलं ठिकाण आहे, नर्स असतात, डॉक्टर असतात." मी फोनवर भडकले. "कळत नाही म्हणून कुणी सांगितलं तुला? रोज सकाळी मला शिव्या घालतात. ये, बघ, आणि मग बोल." तो म्हणाला, "येतो रविवारी. त्यांनी तुला ओळखलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

आणि नेमका त्याच आठवड्यात रंधा बिघडला. फळीवर उड्या मारायला लागला. बाबा वैतागले. "हा माझा रंधा नाहीच," म्हणाले आणि बाकावर आपटला. तास तिथेच संपला. मी रंधा घेऊन खिडकीत बघितला. तळ मधोमध खोल गेला होता. खळग्याच्या कडेपासून एक चीर निघाली होती, पातं घट्ट धरणाऱ्या पाचरीपर्यंत गेलेली, आणि म्हणून पातं हलत होतं. पुढची खुंटीही डुगडुगत होती. आणखी दोन-चार दिवस असाच वापरला असता तर त्याचे उभे दोन तुकडे झाले असते. रविवारी दादा येणार आणि रंधा मोडका. माझा जीव टांगणीला लागला.

म्हणून मी तो दुरुस्त करायला घेतला. दुसऱ्याच्या रंध्याला हात लावायचा नाही, हा नियम मला आठवला नाही असं नाही. पण मनात म्हटलं, आता विचारायचं कुणाला?

बाबा दुपारी झोपायचे, तेवढ्यात तीन दिवस काम केलं. आधी फक्त तळ सरळ करायचा होता, अर्ध्या कागदाच्या जाडीएवढा. तो केला. मग सवयीने कुशीला गुण्या लावला तर उजेड. कूस बाहेर गेलेली. सुताराला तिरकं दिसलं की त्याचे हात शिवशिवतात, त्यातून मी गुण्या मिस्त्रीची मुलगी. कूस सरळ केली. दुसरी कूस केली. मग चीर. चिरेचं काम कसं करायचं ते बाबांनीच शिकवलेलं. नुसता सरस भरून भागत नाही. चीर जिथून सुरू होते तिथलं कमजोर लाकूड काढायचं, चांगल्या लाकडाचा तुकडा रेषेला रेष जुळवून बसवायचा. चीर सुरू होत होती खळग्यापासून. मी पटाशीने खळगा चौकोनी कोरून काढला. पुलाच्याच तुळईचा एक तुकडा घरात उरला होता, तो त्यात बसवला. इतका नेमका बसला की नख लावलं तरी सांधा कळेना. खुंटी झिजली होती, तीही नवीन केली. सरस गरम करायला शेगडी पेटवायची होती, तर खाली पडलेल्या काळ्या ढलप्या, तेलाने माखलेला तो खळग्याचा तुकडा, जुनी खुंटी, सगळं तिच्यातच घातलं. तेलामुळे छान पेटलं.

हे मी आज सांगतेय तेव्हा प्रत्येक वाक्याला जीभ चावावीशी वाटते. तेव्हा मात्र मी गुणगुणत होते! आयुष्यातलं माझं ते सर्वात उत्तम काम. तीन दिवसांत एकदासुद्धा माझ्या टाळक्यात आलं नाही की मी काय कोरून काढतेय. मला वाटलं, रंधा म्हणजे पातं, पाचर, तळ. सरळ चालला की झालं. हत्यार सरळ हवं, हे त्यांनीच माझ्या हाडीमाशी मुरवलं होतं, आणि मी ते त्यांच्यावरच चालवलं. एखादा अडाणी माणूस असता तर त्याने तो रंधा फडक्याने पुसून ठेवला असता. हे करायला मिस्त्रीच लागतो.

रविवारी दादा आला. सकाळी मी बाबांना कारखान्यात आणलं, दादाला म्हटलं, तू बोलू नकोस, बघ फक्त. आणि रंधा बाबांच्या हातात दिला.

त्यांची बोटं वळली. अंगठा सरकला. पुढे गेला, मागे आला. पुन्हा पुढे गेला. गुळगुळीत लाकडावर तो अंगठा नुसता फिरत राहिला, अंधारात दाराची कडी शोधावी तसा. त्याच क्षणी मला कळलं. बाबांच्या दुसऱ्या हाताचं बोट पुढे खुंटीवर गेलं, तिथेही काही सापडलं नाही. त्यांनी रंधा खाली ठेवला आणि दादाकडे बघून म्हणाले, "साहेब, हा माझा नाही. माझा कुठे ठेवलाय?"

"बाबा, हाच आहे," मी म्हणाले. "मी दुरुस्त केलाय. मी ढलपी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्याच नम्रपणाने. "असेल," म्हणाले. "पण माझा द्या. त्याच्यावर माझ्या बायकोची खूण आहे."

मी शेगडीकडे धावले. वेड्यासारखी राखेत हात घालून चाळत बसले. काय मिळणार होतं? दादाने मला उठवलं. तो 'मी म्हणालो होतो' म्हणाला असता तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते आणि बरं वाटलं असतं. पण तो बिचारा काही म्हणाला नाही. माझे हात धुवून दिले आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. बाबांनी मला ओळखलं नव्हतं, तरीही काढला नाही.

मी काय काय केलं नाही! बसवलेला तुकडा पुन्हा कोरला, आठवून आठवून खळगा पाडला, तेल चोळलं, माझा अंगठा घासघासून कातडं सोललं. बाबांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा लावला, आणि म्हणाले, "कुणीतरी इथे खड्डा पाडलाय. भरून घ्या तो." मी तो पुन्हा भरला. माझा जुना रंधा दिला, दुसऱ्यांचे दोन आणून दिले. सगळे त्यांनी नम्रपणे परत केले. तो सकाळचा तास जो गेला तो गेलाच. निदान एखाद्या दिवशी तरी परत मिळेल असं मला वाटायचं, तेही नाही.

बाबा त्यानंतर सात महिने होते. घाबरणं कमी झालं, तेवढंच बरं. मला ते शेजारची कामाची बाई समजायचे, कधी नर्स समजायचे, आणि 'तुम्ही' म्हणायचे. "तुम्ही जेवलात का?" विचारायचे. पन्नास वर्षं ज्यांनी मला एकदाही जेवलीस का विचारलं नाही, त्यांनी! ते विचारायचे आणि मी पाठ फिरवून हो म्हणायचे.

शेवटच्या आठवड्याच्या आधीची गोष्ट. सकाळचं ऊन खिडकीतून बाकावर आलं होतं. मी बाबांना खुर्चीत बसवलं होतं आणि एका कपाटाची चौकट जोडत होते. ते बराच वेळ बघत होते. मग उठले, एकटेच, भिंतीवरून गुण्या काढला आणि बाकावर पडलेल्या त्या दुरुस्त केलेल्या रंध्यापाशी आले. तळाला लावला. एका कुशीला लावला, दुसऱ्या कुशीला लावला. एक डोळा मिटला. तुकडा बसवला होता तिथे नखाने सांधा शोधला, मिळाला नाही. मी हातातलं काम थांबवलं.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी केलं."

"तुम्ही मिस्त्री आहात?"

"हो."

त्यांनी पुन्हा एकदा अंगठा त्या जागेवरून फिरवला. "फार छान काम आहे," ते म्हणाले. "असं काम मी बघितलेलं नाही."

एकोणिसाव्या वर्षापासून मी त्या शब्दाची वाट बघत होते.

"माझी मुलगी पण हे काम करते," बाबा म्हणाले. आवाज जरा खाली आणला, कुणी ऐकेल म्हणून. "माझ्यापेक्षा चांगला हात आहे तिचा. पहिला रंधा केला तेव्हाच मला कळलं होतं. पण मी कधी म्हणालो नाही तिला. पोरांच्या डोक्यात हवा जाते. आता वाटतं, म्हणायला हवं होतं."

"मग सांगा ना तिला," मी म्हणाले. "आत्ता सांगा, बाबा."

"सांगणार आहे. ती आली की सांगणार आहे." त्यांनी रंधा उचलला, हळूच कुशीवर आडवा ठेवला, धार सांभाळून. मग रस्त्याकडे बघितलं. "बराच उशीर झाला तिला. तुम्हाला दिसली का कुठे?"

मी त्यांच्यासमोर उभी होते, हातभर अंतरावर.

"येतेय," मी म्हणाले. "वाटेत असेल."

"येऊ दे सावकाश," बाबा म्हणाले, आणि खिडकीजवळची खुर्ची सरळ करून माझी वाट बघत बसले.